होयबांचा कॉम्प्युटर

फोटोंना फ्रेमा करून देणारे ते गृहस्थ सगळ्या गल्लीत 'होयबा' म्हणून ओळखले जात. हे नाव मेहुण्याने ठेवलेलं. लग्नाला वर्ष होतं न होतं, तोच त्याने त्यांच्याकडे शिडी मागितली. मग स्कूटर मागितली, मग सामान ठेवायला दुकानामागची खोली. दर वेळी उत्तर एकच, "हो, घ्या की." ते सामान अजून तिथेच आहे. 'भीड भिकेची बहीण' हे बायकोने त्यांना इतकं ऐकवलं होतं, की तिने 'भीड' म्हणायचा अवकाश, पुढचं तेच म्हणत. फरक मात्र शून्य.

"माणूस एवढ्या आशेने विचारतो," ते म्हणत, "त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

दुकान मुलाच्या हाती दिल्यावर ते घरी बसले खरे, पण रिकामे नाही. जुने, फाटके फोटो कॉम्प्युटरवर दुरुस्त करायची कला त्यांनी हळूहळू कमावली होती. पुढच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर आणि शेजारी स्कॅनर. कोणाच्या आजीच्या फोटोवर मधोमध घडी पडलेली असे, तर कोणाच्या लग्नाच्या फोटोला बुरशी लागलेली. होयबा तो चेहरा इतका मोठा करून घेत, की पडद्यावर नुसते करड्या रंगाचे चौकोन उरत. मग चांगल्या जागेचा रंग उचलून खराब जागी बसवायचा, मागे सरून बघायचं, पुन्हा पुढे सरकायचं. त्यात त्यांचा दिवस मजेत जाई.

माशी शिंकली ती भलतीकडेच. कामासाठी त्यांना इंटरनेटवर नक्ष्या, पोत, पार्श्वभूमी असलं काहीबाही शोधावं लागे. कुठलंही पान उघडलं की आधी एक चौकट येई. 'आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का?' खाली दोन बटणं, 'परवानगी द्या' आणि 'अडवा'. अडवा! होयबांना तो शब्दच उर्मट वाटे. विचारणाऱ्याने आदबीने विचारलं आहे, तर देऊन टाकू परवानगी, आपलं काय जातं?

जायला लागलं ते हळूहळू. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात टुणकन एकेक संदेश उगवू लागला. 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात!' 'पोटाचा घेर घटवा.' 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे.' एक मिटवावा तर त्याच्या जागी दुसरा हजर. एकदा बायको चहा घेऊन आली, तेव्हाच कोपऱ्यात अक्षरं झळकली, 'तुमच्या जवळच राहणारी एक एकाकी स्त्री तुमची वाट पाहत आहे.'

बायकोने कप ठेवला. "तिलाही हो म्हणालात का?"

"अगं, मी कोणालाच काही म्हणालो नाही. हे आपोआप येतंय."

"जपून हं. तिचंही सामान मागच्या खोलीत यायचं," असं म्हणून ती आत गेली.

अशातच कोपऱ्यावरची पाववाली एक फोटो घेऊन आली. तिच्या वडिलांचा तेवढा एकच फोटो होता, सायकलला टेकून उभे असलेले. अर्ध्या चेहऱ्यावर पाण्याचा डाग. "घाई नाही," ती म्हणाली, "पण डोळा तेवढा दिसू द्या. माझ्या मुलाचे डोळे त्यांच्यासारखे आहेत म्हणतात. मला स्वतःला आठवत नाहीत हो."

होयबा तो डोळा घेऊन बसले. सकाळभर खपून पापणीची कड जेमतेम उमटली, आणि नेमका तिच्यावरच संदेश येऊन बसला. चिडून त्यांनी फुली दाबली. ती फुली नव्हतीच, फुलीचं चित्र होतं. सगळा पडदा लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि मोठी अक्षरं आली, 'कॉम्प्युटर बंद करू नका! ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.'

होयबांची पाचावर धारण बसली. पाववालीचा फोटो गेला, हेच पहिल्यांदा मनात आलं. मूळ फोटो पाकिटात सुखरूप होता, पण ते सुचायला डोकं ठिकाणावर कुठे होतं? त्यांनी फोन लावला. पलीकडचा तरुण लोण्याहून मऊ बोलत होता.

"घाबरू नका सर, आम्ही आहोत ना. मी सांगतो तो प्रोग्राम उतरवून घ्याल?"

"हो."

"मला तुमचा पडदा बघायची परवानगी द्याल?"

"हो, हो."

पडद्यावरचा बाण आपला आपण चालू लागला. होयबांचा हात तर मांडीवर होता. बाण या कप्प्यात शिरला, त्या कप्प्यात डोकावला. तरुण म्हणाला, "आता बँकेचं पान उघडा सर, सगळं सुरक्षित आहे ना ते तपासू."

भोंगा ऐकून बायको दारात येऊन उभी राहिली होती. जन्मभर रुग्णालयात नर्स म्हणून राबलेली बाई ती. आधी रक्त थांबवायचं आणि चौकशी मागाहून, ही तिची रीत. तिने एकदा बाणाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं, खाली वाकली आणि भिंतीतला प्लग उपटला.

खोलीत एकदम सामसूम झाली. फोनमध्ये तरुण "सर? सर?" करत होता. तोही फोन तिने काढून घेऊन बंद केला.

"चोराच्या हाती किल्ल्या देत होतात तुम्ही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून होयबांना ते जास्तच लागलं.

संध्याकाळी भाची आली. होयबांच्या बहिणीची ही मुलगी एका कचेरीत कॉम्प्युटरचीच देखभाल करायची. तिने आधी इंटरनेटची तार काढली, मग कॉम्प्युटर सुरू करून तो उपरा प्रोग्राम हुडकून उडवला आणि सगळं तपासून घेतलं. आपल्या फोनवरून बँकेला कळवून मामांचे पासवर्ड बदलायला लावले. पैसे जागेवर होते. सकाळी कोरलेली पापणी तेवढी गेली. होयबांनी ती साठवून ठेवली नव्हती.

"आणि ते कोपऱ्यातले संदेश? ते कोण पाठवतंय?" त्यांनी विचारलं.

भाचीने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांचं पान उघडलं. परवानगी दिलेल्यांची नावं खालपर्यंत ओळीने उभी होती.

"मामा, कोणी घुसलेलं नाही. ही सगळी तुम्ही बोलावलेली मंडळी आहेत."

होयबा बराच वेळ ती नावं वाचत राहिले. "मग काढ एकदाची."

"मी नाही, तुम्ही काढा. नावापुढचे तीन ठिपके दाबा, मग 'काढून टाका'."

पहिल्या दोन-चारांना बोट अडखळलं, पुढे सरावलं. शेवटी भाचीने आणखी एक खटका दाखवला. तो फिरवला की कुठलंच पान परवानगी विचारणार नव्हतं.

"म्हणजे विचारणारच नाहीत?" होयबांना केवढं हलकं वाटलं ते चेहऱ्यावरच दिसलं. बायको हसू दाबत आत गेली.

पण माणसांना असा खटका नसतो. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. तोच मऊ आवाज. "सर, काल काम अर्धवट राहिलं. पुन्हा सुरू करू या?"

"नाही," होयबा म्हणाले.

"का बरं सर?"

'का'चं उत्तर त्यांनी तयार ठेवलं नव्हतं. सवयीने जिभेवर 'बरं, बघू' आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "नाही म्हणजे नाही," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्या पोराला वाईट वाटलं असेल, असंही क्षणभर मनात आलं. मग त्या विचाराचाच त्यांना राग आला.

पाववालीचा फोटो आठवड्याभरात झाला. तिने तो हातात धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "मुलाचे नाहीत हो असे डोळे. माझेच आहेत."

पुढे एका दुपारी पडद्यावर पुन्हा एक चौकट आली. कॉम्प्युटरला अद्ययावत करायचं आहे, आता करू की नंतर? होयबांनी कशालाही हात न लावता भाचीला फोन केला आणि चौकटीतला शब्द न् शब्द वाचून दाखवला.

"हे खरं आहे मामा. याला हो म्हणा."

"नक्की?"

"नक्की."

तरी त्यांनी बायकोला हाक मारली. तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मान हलवली. मग होयबांनी बटण दाबलं, आणि पडद्यावरची निळी पट्टी सरकत टोकाला लागेपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून राहिली.