पेनिसिलिन नको

आमच्या घरी दुखण्याचे कागद ठेवत नसत. माणूस बरा झाला की आई त्याचे सगळे कागद गोळा करायची, चिठ्ठ्या, तपासण्या, एक्स-रेसुद्धा. त्यांना हळदीकुंकू लावायची, फडक्यात बांधायची आणि एसटीने शहागडला जाऊन गोदावरीत सोडून यायची. "दुखण्याचे कागद घरात ठिवले की दुखणं परत वाट धरतं," असं तिचं म्हणणं. मी औरंगाबादला कॉलेजात शिकत होते, त्यामुळे मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवायचे. आई ऐकून घ्यायची आणि करायचं तेच करायची.

वडील अंकुशनगरच्या साखर कारखान्यात फिटर होते. आम्ही तिथंच क्वार्टरमध्ये राहायचो. एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. अंबडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि बघता बघता वडिलांच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी धावपळ करून वाचवलं. घरी सोडताना त्यांनी एका कागदावर त्या इंजेक्शनचं नाव लाल शाईने लिहून दिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि बजावलं, "हे पुन्हा टोचलं तर माणूस हातचा जाईल. कागद जपा."

वडील खडखडीत बरे झाले. मग आईने तो कागदही शहागडला नेला.

दोनेक वर्षांनी कारखान्यात वडिलांच्या पायावर लोखंडी पाइप पडला. जखम चिघळली, पाय गुडघ्यापर्यंत सुजला, ताप उतरेना. त्यांना जालन्याच्या एका दवाखान्यात नेलं. मी सुट्टीला आले होते, म्हणून सोबत होते. डॉक्टरांनी सुई भरायला सांगितली आणि सहज विचारलं, "कुठलं औषध सोसत नाही का?"

"एक इंजेक्शन सोसत न्हाई," आई म्हणाली.

"कोणतं?"

"पांढऱ्या बाटलीतलं."

"अहो बाई, सगळ्या बाटल्या पांढऱ्याच असतात! कागद कुठाय?"

आईने माझ्याकडे पाहिलं. कागद गोदावरीत सोडला, हे त्या डॉक्टरांना मलाच सांगावं लागलं. वडील तापाच्या ग्लानीत होते, आणि कागदावरचं नाव मी कधी वाचलंच नव्हतं. त्यांनी कपाळाला हात लावला. पायाची सूज तर चढतच होती, आणि सुई द्यायला त्यांचा हात धजेना. मी समोरच्या एसटीडी बूथवरून अंबडला फोन लावत राहिले. तिथले डॉक्टर लग्नाला गेले होते. दुपार गेली. आई वडिलांच्या उशाशी बसून होती, पाण्याचा घोटही घेतला नाही तिने. तिला बोलायला माझ्या जिभेवर खूप काही होतं, पण तिचा चेहरा बघून मी पुन्हा बूथकडे वळले. दिवेलागणीला अंबडचे डॉक्टर फोनवर आले. रिअ‍ॅक्शन आलेला पेशंट डॉक्टर सहसा विसरत नाहीत. "पेनिसिलिन," ते म्हणाले. मी तेवढा एक शब्द घोकत रस्ता ओलांडला.

दुसरं औषध दिलं, पाय वाचला. ते कागदही आईने शहागडला नेले. रीत तिने सोडली नाही, पण त्या दुपारचा धसका मात्र घेतला. पुढच्या जत्रेत गोंदणाऱ्याच्या पालासमोर तिने वडिलांना उभं केलं.

"मी काय बैल हाय का, शिक्का मारायला?" वडील म्हणाले.

"बैल असता तर घोर नव्हता. गुमान हात पुढं करा."

गोंदणाऱ्याने आजवर देवांची नावं गोंदली होती, नवऱ्यांची गोंदली होती. 'पेनिसिलिन नको' ऐकून त्याने दोनदा विचारलं, हे कोणतं दैवत? अक्षरं मीच काढून दिली. वडील कारखान्यात कितीतरी दिवस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून जायचे. आई मात्र निर्धास्त झाली.

नव्या शतकात जालन्याच्या त्याच दवाखान्यात कॉम्प्युटर आला. इथल्या पेशंटची माहिती आता अंबडच्या आणि औरंगाबादच्या दवाखान्यातही दिसणार, असं डॉक्टर कौतुकाने सांगत होते. टेबलापाशी बसलेल्या मुलीने वडिलांना विचारलं, "कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" वडिलांनी बाही वर केली. मुलीने हातावरचं वाचत वाचत टाइप केलं.

आई पडद्याकडे बघत राहिली. "मंग बरं झाल्यावर हे कुठं सोडायचं?"

मुलगी हसली. मला हसू आलं नाही. आईला खरोखरच काळजी वाटत होती.

पुढे वडिलांना छातीच्या दुखण्यासाठी औरंगाबादला नेलं. अनोळखी दवाखाना, अनोळखी डॉक्टर. वडील सवयीने बाही दुमडायला लागले, तोच डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "यांना पेनिसिलिन चालत नाही, बरोबर?" वडील जरा हिरमुसले. दुमडलेली बाही त्यांनी हळूच खाली घेतली. आईने मात्र पदर सावरून कॉम्प्युटरला हात जोडले.

त्यानंतर वडील बरीच वर्षं जगले. थकून, झोपेत गेले. राख सोडायला आम्ही शहागडलाच गेलो. पुलावरून ट्रक चालले होते. आईने मडकं पाण्यात रितं केलं.

"हातावरचं बी आज गेलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "त्या कम्प्युटरात हायत का गं अजून ते?"

"आहेत. सांगितलं तर काढून टाकतील."

"न्हाई," आई म्हणाली. "तेवढं राहू दे."