फ्रीजवरची हळद

खंडेनवमीला आमच्या घरी मिक्सरला, शिलाई मशीनला, मुलाच्या स्कूटरला, अगदी विळीलाही हळदकुंकू लागतं. फ्रीजला लागत नाही. सून दरवर्षी विचारते, "आई, त्यानं काय घोडं मारलंय?" मी म्हणते, "राहू दे गं." ती हसते. आत मी थर्मामीटर ठेवलाय, त्यालाही हसते. हसू दे. वीज गेली आणि त्याची घरघर थांबली की माझे हात थंड पडतात, हे तिला कुठं माहीत आहे!

ऐंशीनंतरच्या वर्षांत मी हरसूलच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. लसी ठेवायला एक पांढरा फ्रीज होता. आत अडकवलेला थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ बघायचा आणि दारावर चिकटवलेल्या तक्त्यात आकडा लिहायचा. काटा दोन आणि आठच्या मध्ये हवा. एवढंसं काम, पण मला त्याचा केवढा धाक! कारण उष्णतेनं वाया गेलेली लस दिसायला अगदी तशीच दिसते. आताच्यासारखी बाटलीवर रंग बदलणारी खूण तेव्हा नव्हती. काट्यावर विश्वास ठेवायचा आणि बाळाच्या तोंडात पोलिओचे थेंब सोडायचे.

दवाखान्यात एकच शिपाई, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. विंचूरकडच्या शेतकरी घरातले, प्रेमळ माणूस. त्या फ्रीजवर तर त्यांचा भारी जीव. त्या वर्षी दसऱ्याला मी नाशिकला घरी आले, डॉक्टरही गावी गेले होते. काटा बघायचं काम मामांवर सोपवलं. ते त्यांना चांगलं जमायचं.

परतले त्या दिवशी हरसूलचा बाजार होता, म्हणजे आमचा लसीचा दिवस. बघते तर फ्रीजच्या मुठीला झेंडूची माळ, दारावर हळदीची पाच बोटं, तक्त्यालासुद्धा कुंकू. काटा बघितला, पाचावर. मी खुशीत म्हटलं, "वा मामा, थाटात पूजा केलीत की!"

"मंग! वरीसभर बिचारा घरघर करतो. नवमीला औताला विसावा देतो आपण, याला नको? बटण बंद केलं, पुसून लख्ख केला. काल सांजंला चालू केला बघा."

म्हणजे नवमीपासून कालपर्यंत लस उबेत पडून होती! मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामा माळेकडे बघत उभे राहिले. काय चुकलं ते त्यांना खरंच कळत नव्हतं. काटा तर जागेवर होता.

बाहेर बायका येऊन बसल्या होत्या. त्यांत डोंगरापलीकडच्या पाड्यावरची एक तरणी बाई होती, कडेवर रांगत्या वयाची मुलगी. या मुलीसाठी मी पाड्यावर किती हेलपाटे घातले होते! सासू लसीचं नाव काढू देत नसे. आज बाजाराचं निमित्त करून आई चोरून आली होती.

मी सगळ्यांना सांगितलं, आज यातलं काही देता येणार नाही, पुढच्या बाजारी या. बाकीच्या कुरकुरत उठल्या. ती उठेना. दारातून तिला फ्रीज दिसत होता.

"बाई, दोन थेंब तर द्यायचे. मला परत नाय येता यायचं."

काय करू? थेंब सोडले असते तर ती हसत गेली असती आणि कुणाला कळलंही नसतं. कदाचित लस चांगलीही असेल. पण नसली तर? पोरीला डोस मिळालाय असं समजून ती निर्धास्त राहिली असती. म्हटलं, "आज नाही गं. ऐक माझं." तिनं त्या माळेकडे बघितलं. मग पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि निघाली.

नाशिकहून नवी लस आली तशी मी ती बर्फाच्या पेटीत घालून पाड्यावर गेले. दाराला कडी. शेजारीण म्हणाली, सगळे दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर गेले. कुणाच्या मळ्यात, ते तिला ठाऊक नव्हतं. दिंडोरीकडच्या नर्सबाईंना निरोप धाडला, पण पत्ता लागला नाही.

तेव्हापासून दर बाजारी मी गर्दीत तिला शोधायची. काटा बघायला जावं तर ती पाच बोटं समोर. मामांनी राखेनं घासली, सोड्यानं घासली, पिवळेपणा काही जाईना. फ्रीज चालू असतानाही मला मध्येच वाटायचं, थांबला. हातातलं टाकून धावायची आणि दाराला कान लावायची. डॉक्टर म्हणायचे, सिस्टर, तुम्हाला त्यानं झपाटलंय. खोटं नव्हतं ते.

दोन-तीन पावसाळे गेले आणि एका बाजारी ती दिसली. कडेवर एक लहान मुलगा होता. शेजारी थोरली, गुडघ्यावर हात टेकून एक पाय ओढत चालत होती. मी गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेले.

"कधी झालं गं हे?"

"दिंडोरीला. ताप आला न् पाय गेला."

"अगं, मग याला तरी आणायचंस ना!"

ती अगदी शांतपणे म्हणाली, "कशी आणू, बाई? तुमचा देव हार घालून बसला व्हता त्या दिशी. त्यानं हिला नाय म्हटलं. मंग यालाबी नायच म्हणल ना."

मी भर बाजारात रडले. लोक बघत होते, बघू देत. तिचा हात घट्ट धरला आणि दवाखान्यात घेऊन आले. वाटेत सांगत होते, अगं तो देव नाही, थंड कपाट आहे नुसतं, मीच नको म्हटलं होतं. तिला ते पटलं का, मला माहीत नाही.

मामांनी थोरलीला बघितलं आणि ओळखलं. त्यांनीच पुढे होऊन फ्रीज उघडला. मी काटा बघितला, पुन्हा बघितला, मामांना मोठ्यानं वाचायला लावला. मग मुलाच्या तोंडात थेंब सोडले. त्यानं तोंड वाकडं केलं. त्याच्या आईनं फ्रीजला हात जोडले.

थोरली उंबऱ्यापाशी उभी होती. ती पाय ओढत पुढे आली, मान वर केली आणि तोंड उघडलं. मी तिलाही दोन थेंब दिले. तिनं ते गिळले आणि आपल्या पायाकडे बघत उभी राहिली.