सुकाची अक्का

अमळनेरला आमच्या गल्लीत रोज दिवेलागणीला एक हाक ऐकू यायची. "सुकाऽ, घर ये रे भाऊ." हाक मारणाऱ्या अक्का माझ्या शेजारच्या खोलीत एकट्याच राहायच्या. दाराशी दिवा ठेवायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या आणि खेळायला गेलेल्या पोराला बोलवावं तशा साध्या सुरात एकदाच हाक मारायच्या. मग मान तिरपी करून थोडा वेळ तशाच उभ्या राहायच्या, जणू पलीकडून कोणी काही बोलतंय. मी शाळेत शिक्षिका म्हणून त्या गावी नवीनच आले होते. पहिल्या संध्याकाळी ते पाहून माझ्या अंगावर काटा आला.

सुका त्यांचा धाकटा भाऊ. आई-बाप लवकर गेले, म्हणून अक्कांनीच त्याला वाढवलेलं. ऐन तारुण्यात तो अंदमानात जंगलतोडीच्या कामावर गेला आणि परतलाच नाही. पुढे अक्कांचा नवरा वारला, तेलाच्या गिरणीत शेंगा निवडता निवडता केस पिकले, पण हाक थांबली नाही. मी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "नाव नही लिधं ते मानूस वाट भुली जास, माय."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक अंदमानला जाणार असल्याचं त्यांच्या कानावर गेलं. सकाळीच दारात येऊन बसल्या. "माले बी संगे लई चाल. मन्हा भाऊ तठे शे." सुकाबरोबर गेलेला एक माणूस मागे कधीतरी परत आला होता. त्याने सांगितलेलं बेटाचं नाव अक्कांना मंत्रासारखं पाठ होतं. नाही म्हणणं मला जमलं नाही. भुसावळला गाडी बदलून कलकत्ता आणि तिथून जहाज.  कठड्याला धरून अक्का नुसत्या पुढे पाहत राहिल्या.

त्या बेटाच्या एका टोकाला पांढऱ्या वाळूचा किनारा होता. झोपड्यांसारखी हॉटेलं, नारळपाणी, उन्हात पडलेले परदेशी पाहुणे. आमची मंडळी तिथेच रमली. मी आणि अक्का जीप करून जंगलतोडीच्या कॅम्पकडे निघालो. डांबरी रस्ता संपला तिथे ड्रायव्हरने जीप थांबवली. "आगे कुछ नहीं है. कॅम्प तो कब का बंद हो गया."

अक्का उतरल्या. "काही नही अशी जागा देवनी बनायेलच नही शे," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

झाडं इतकी उंच की भरदुपारी खाली हिरवट अंधार होता. समुद्राचा आवाज मागे राहिला आणि मग कसलाच आवाज उरला नाही. एका झाडाच्या बुंध्यात ओंडके ओढणारे हत्ती बांधायची साखळी रुतली होती. सालीने तिला अर्धीअधिक गिळून टाकलं होतं. पुढे मोडक्या झोपड्यांची रांग लागली, प्रत्येक चुलीतून नेचं उगवलेलं. मला परत फिरावंसं वाटत होतं. अक्का मात्र ओळखीच्या गल्लीतून जावं तशा चालल्या होत्या.

रांगेच्या शेवटी केळीची बाग दिसली. तिच्याआड एक झोपडी, अंगण स्वच्छ सारवलेलं. अक्का थांबल्या. डोक्यावर पदर घेतला. "सुकाऽ, घर ये रे भाऊ."

आतून अक्कांच्याच बोलीत उत्तर आलं, आलो गं म्हणून. "उनू व अक्का."

 झोपडीतून एक म्हातारी बाई बाहेर आली. काळीसावळी, बारीक, हातावर गोंदण. ती रांचीकडची फुलमनी, सुकाची बायको, हे तिनेच सांगितलं. सुका पाच-सहा वर्षांपूर्वी तापाने गेला होता. त्याला केळीतच माती दिली होती.

"रोज शाम को वो ऐसे ही जवाब देता था," ती म्हणाली. "दिया जलता, फिर बहुत देर बैठता. फिर बोलता, अक्का बुला रही है. मुझे कुछ सुनाई नहीं देता था. वो गया, उसके बाद सुनाई देने लगा. कोई बुलाए और जवाब न मिले, ये अच्छा नहीं. तो मैं बोल देती हूँ."

त्या बेटावर दिवस आपल्याकडच्यापेक्षा बराच लवकर मावळतो, हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं. तिथे दिवा लागून बराच वेळ झाला की इकडे अमळनेरला दिवेलागण होत असणार. मी मनातल्या मनात हिशेब केला. वेळ जुळत होती.

अक्का रडल्या नाहीत. केळीत जाऊन त्या मातीवर हात ठेवून बसल्या. उन्हं कलली तशी मी घाई करू लागले. तेव्हा म्हणाल्या, "तू जाय, माय. मी आते आठेच ऱ्हासू."

"अक्का, इथे रानात? कोणाच्या भरवशावर?"

"इतला साल तिनी मन्हं आयकं. आते तिन्हं कोन आयकी?"

मी खूप समजावलं. शेवटी त्यांची पिशवी अंगणात ठेवली आणि पाया पडले. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली.

मी एकटी निघाले. मागे दोघींचं बोलणं सुरू झालं होतं, एकीचं हिंदी, एकीचं खान्देशी. एकमेकींचं त्यांना किती कळत होतं कोण जाणे. झोपड्यांची रांग ओलांडेपर्यंत ते कानावर येत होतं. मग त्यात तिसरा आवाज मिसळल्यासारखा वाटला. पुरुषाचा, जाडा, सावकाश. मी वळून पाहिलं नाही.

ड्रायव्हर जीपला टेकून उभा होता. माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहत त्याने विचारलं, "वो माताजी कहाँ हैं?"

"वो रुक गईं," मी म्हटलं.

"किसके पास?"

"घरवालों के पास."