पूर्व उतारावरचे खिळे

भुतंखेतं, शकुन-अपशकुन... यातलं काहीही मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. म्हणूनच हे सांगताना माझी चिडचिड होते.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मलकापूरला ड्रॉइंग मास्तर. लोणारच्या विवराचं मॉडेल करायचा नाद लागला होता. आधी नकाशातल्या उंचीच्या रेषांप्रमाणे पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवले — पण उतार कुठला, घाटाच्या पायऱ्याच दिसायच्या! सगळं उपटलं. मग नवी पद्धत काढली: फळीवर चौकटी आखायच्या, प्रत्येक कोपऱ्यावर त्या जागेच्या उंचीइतका खिळा उभा करायचा, खिळ्यांमध्ये दोऱ्याचे त्रिकोण ताणायचे आणि वर खळ लावलेला कागद. उतार हुबेहूब आला!

फक्त पूर्वेला एका जागी खचायचा. कागद वाळला की खड्डा. नवे खिळे ठोकले — पुन्हा तेच. खिळे रुतले म्हणावं, तर फळीमागे टोकं निघायला हवीत ना? नव्हती.

मी बायकोवर ओरडलो, "याच्यावर पापड वाळू घातले काय वं?"

सुमन वाकून बघत राहिली. "अवो, दादाची खोपी इथंच हाय ना?"

तिचा भाऊ विवराच्या आत केळी लावायचा, राखणीला तिथंच खोपीत राहायचा.

"मले आत्ताच्या आत्ता लोणारले न्या."

"खिळ्यापायी?"

"हाव!"

मेहकरला एसटी चुकली. ऊन मी म्हणत होतं. मी रस्ताभर कटकट केली.

दादा बागेत पाणी धरून होता. "काऊन आली वं अशी? कोणी गेलं काय?"

"कोणी नाही. वर गावात चाल."

"पाणी चालू हाय, दिसत नाही काय?"

"मंग मीबी इथंच बसते." आणि ती खरंच चिखलात बसली.

तो शिव्या देत निघाला. आम्ही अर्धा चढ चढलो असू... मागे घरंगळल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं, तर खोपीवर दरड! पाऊस नव्हता, काही नव्हतं. सुमननं दादाचं मनगट घट्ट धरलं होतं. गावात पोचेपर्यंत सोडलं नाही.

घरी येऊन तिथंच पुन्हा खिळे ठोकले. जागचे हलले नाहीत. सुताराला विचारलं, भूगोलाच्या मास्तरांना विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर जरूर कळवा — फक्त 'योगायोग' म्हणू नका. तो शब्द मी सुमनसमोर एकदाच उच्चारला होता.