माझी बंदूक आणि न भिजलेला साबुदाणा

यात्रेतल्या फुग्यांच्या दुकानासमोर उभं राहिलं की कोणाशी बोलावं लागत नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कळलं. बंदुकीचा दस्ता खांद्याला लावला, गाल लाकडावर टेकवला आणि एक डोळा मिटला की अर्धा चेहरा झाकला जातो. पदरापेक्षा बरा झाकला जातो. पदर ओढला तर बाया विचारतात, "काऊन वं, तब्येत बरी नाई का?" बंदूक धरली तर सगळे गप्प बसून फुग्याकडे पाहतात.

त्या वर्षी फुगे फोडायला आधी हे उभे राहिले होते. हे म्हणजे माझे घरधनी. ह्यांचे छर्रे फुगे सोडून सगळीकडे गेले. फुगेवाला हसत म्हणाला, "आता बाईले देऊन पाहा भाऊ, फुगे तरी वाचतीन." ह्यांनी खरंच बंदूक माझ्या हातात दिली. माझा पहिला छर्रा चुकला. पण कुठे चुकला ते मी पाहिलं. बंदूक डावीकडे मारत होती. मग मी फुग्याच्या थोडा उजवीकडे नेम धरला आणि त्या ओळीतले फुगे संपेपर्यंत थांबले नाही. पुढच्या यात्रेत फुगेवाल्याने मला लांबूनच ओळखलं आणि गुपचूप दुसरी बंदूक पुढे केली. ती उजवीकडे मारत होती.

दर वर्षी यात्रा संपली की मला करमत नसे. भाजी तोडताना मी वांग्यावर एक डोळा मिटायची. ह्यांनी ते पाहिलं असावं. एकदा नागपूरला बियाणं आणायला गेलो होतो, तर हे मला एका खेळाच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेले. काचेच्या मागे बंदुका टांगलेल्या होत्या, अगदी मिलिटरीवाल्यांच्या असतात तशा. मी दारातच थांबले.

माझं माहेर पुलगावकडचं, मिलिटरीच्या दारूगोळ्याच्या डेपोजवळचं. तिकडे बंदूक म्हणजे सरकारची वस्तू. मिलिटरीची गाडी रस्त्यानं गेली तर बाबा आम्हाला तिच्याकडे बोटसुद्धा दाखवू द्यायचे नाहीत. शेतात ओळखू न येणारा लोखंडाचा तुकडा सापडला तर हात लावायचा नाही, आधी पोलीस पाटलाला सांगायचं, अशी शिकवण. त्यामुळे दुकानात मी ह्यांच्या कानात एवढंच म्हणाले, "सरकारले विचारलं काय?"

दुकानदाराने ऐकलं. तो अर्धं हिंदीत बोलणारा होता. म्हणाला, "ताई, ये असली नहीं, हुबेहूब कॉपी आहे. टोक बघा, नारिंगी. प्लास्टिकचे गोळे मारते. स्प्रिंग ओढायची, एक गोळा सोडायचा. लायसन लागत नाही. फक्त आधारची झेरॉक्स द्या, बिल सांभाळा, आणि रस्त्यानं नेताना डब्यातून काढू नका." मग त्याने पेन उघडून ह्यांना विचारलं, "बिलावर नाव कोणाचं? बच्चे के लिए ना?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुकानदारानेही पाहिलं. बोलल्याशिवाय सुटका नव्हती.

"माझं," मी म्हणाले.

लग्नाच्या वेळी "हो" म्हणायलाही मला एवढा घाम आला नव्हता.

बसमध्ये तो लांब डबा चादरीत गुंडाळून, त्याला नवा झाडू बांधून मी मांडीवर आडवा धरला. कंडक्टरने झाडू पाहिला आणि तिकीट फाडलं.

घरी मात्र सांगायचं कोणी? आमच्या घरात सासूबाईंचा शब्द चालतो. तळेगावच्या बाजारात त्या भाजी घेऊन बसल्या की आजूबाजूचे दुकानदारही आपले भाव त्यांना विचारून ठरवतात. बंदूक घरात आली की मागून पोलीस येतो, असं त्यांचं पक्कं मत. म्हणून बंदूक गेली गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या पेंढ्यांमागे. गोळे तिथे ठेवता येईनात, कारण गोठ्यातले उंदीर प्लास्टिकही सोडत नाहीत. ते मी एका रिकाम्या डब्यात भरून स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवले. पांढरेशुभ्र, गोल गोळे.

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की मी गोठ्यामागे जायची. बाजारात न खपलेली, पिकून मऊ पडलेली वांगी सुतळीने बाभळीला टांगायची आणि मागे भिंतीला जुनं पोतं लावायचं. स्प्रिंग ओढली की खटका बसायचा. गोळा लागला की वांगं मान हलवायचं. मला वांग्याचा फार आदर वाटायला लागला. ते विचारत नाही, हसत नाही, आणि लागलं की लागलं म्हणून सांगतं.

एक दिवस सासूबाई मी उकिरड्यावर टाकलेली चार वांगी ओच्यात घेऊन अंगणात आल्या. एक फोडून ह्यांच्यासमोर धरलं.

"पाय बरं. नवीन अळी आली वांग्यावर. कसं गोल भोक पाडलं, चाकूनं पाडल्यासारखं. अन् अंदर पाय, अंडं घालून गेली."

वांग्यात माझा पांढरा गोळा बसला होता. मी चुलीकडे तोंड फिरवलं. हे वाकले, वांगं निरखून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हो माय. लय मोठी अळी दिसते."

"मंग फवारा मारशीन की नाई?"

"मारतो नं."

दोन दिवस पंपात नुसतं पाणी भरून हे बिचारे वांग्यांवर फवारत राहिले. माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "अवं, तुया नेमापायी मायी पाठ मोडली."

मग नवरात्र बसलं. सासूबाईंचे नऊ दिवस उपवास असतात. घट बसले त्या रात्री त्यांनी स्वतःच दुसऱ्या दिवसाच्या उसळीसाठी साबुदाणा भिजवला, आणि मला ते माहीत नव्हतं. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"रातभर भिजवला, एक दाना फुगला नाई! त्या दुकानदाराले आज दाखवतोच मी. काय प्लास्टिक विकून राह्यला का?"

मी धावत गेले. सासूबाईंनी एक दाणा बोटांत धरून दाबला. दबला नाही. दाताखाली धरला. तुटला नाही. उजेडात नेऊन पाहिला, आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे तं त्या अळीचं अंडं हाय वं!"

हे तेवढ्यात दारात आले होते. उलट्या पावली शेताकडे निघाले.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "वांग्यातल्या अळीचं अंडं माया साबुदाण्याच्या डब्यात कसं आलं, ते सांगून जा."

डबा त्यांचाच होता. रिकामा दिसला म्हणून मी घेतला होता.

टांगलेल्या वांग्यांसकट सगळं सांगावं लागलं, आणि बंदूक माळ्यावरून खाली आली. सासूबाईंनी तिला हात लावला नाही. लांबून पाहिली, बिल माझ्याकडून वाचून घेतलं. माझं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे पोलीस आला तं तुले घेऊन जाईन. ह्याले नाई."

"पोलीस नाही येणार आई. लायसन लागत नाही म्हणे."

"कोन म्हणे? विकनारा म्हणे. तो तं म्हणनारच." मग त्यांनी निकाल दिला. "दसऱ्याच्या आंदी ठाण्यात जाऊन इचार. साहेब ठेव म्हणले तं ठेव. नाई म्हणले तं तिथंच देऊन येजो, घरी आनू नको."

हे म्हणाले, "मी जातो नं माय."

"तू नाई. तुया तोंडाचा भरवसा नाई. तू अळी सांगतं. जिचं नाव हाय ते बोलन. मी सोबत जातो."

बंदूक जाईल याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती ठाण्यात बोलायची होती. रात्रभर मी मनात एकच वाक्य घोळवलं: साहेब, ही माझी आहे, खेळण्यातली आहे, ठेवू का?

दुसऱ्या दिवशी बंदुकीचा डबा चादरीत बांधला आणि आम्ही दोघी गेलो. वाटेत सासूबाई मला धीर देत होत्या. "भ्याचं काय त्यात? मी हाय नं. तू अडकली की मी बोलतो." पण ठाण्याच्या पायऱ्या चढल्या आणि त्यांचं बोलणं बंद झालं. बाजार गाजवणारी बाई माझ्या पदराला धरून भिंतीला टेकली.

टेबलामागे एक जाडे जमादार चहा पीत होते. "बोला, काय तक्रार?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या छताकडे पाहत होत्या. कोपराने मला ढोसून पुटपुटल्या, "सांग नं वं."

"तक्रार नाही," मी म्हणाले. "दाखवायला आणली."

चादर सुटली, डबा उघडला. जमादार चहासकट उभे राहिले. मग त्यांना पुढचं नारिंगी टोक दिसलं आणि ते हळूच खाली बसले.

"बाई, लोकं असली लपवून ठेवतात, अन् तुम्ही नकली घेऊन हजर! कोनाची हाय?"

पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. "माझी," एवढंच आलं. बिल पुढे केलं. त्यांनी बिल वाचलं, बंदूक उलटसुलट पाहिली, स्प्रिंग ओढून पाहिली. दोन शिपाईही येऊन उभे राहिले. एक म्हणाला, "टोकाले काळा रंग मारला तं अगदी असलीच दिसन."

"ते कधीच करू नका," जमादार मला म्हणाले. "नारिंगी हाय म्हणूनच मी बसून बोलून राह्यलो. रंगवली, की समोरचा खरी समजन. रस्त्यानं उघडी नेऊ नका, कोनावर रोखू नका, गंमत म्हणूनही नाई. घरच्या घरी खेळा. बिल जपून ठेवा. याले लायसन नाई लागत." मग सासूबाईंकडे पाहून त्यांनी हसत विचारलं, "काऊन घेतली पण? सासूच्या धाकानं?"

शिपाई हसले. माझे कान तापले. आणि भिंतीला टेकलेल्या सासूबाईंना तिथे वाचा फुटली.

"मायासाठी नाई जी! वांग्यासाठी घेतली. मऊ झाले वांगे टांगते अन् बरोबर मधात मारते. गोल भोक, चाकूनं पाडल्यासारखं. नेम हाय तिचा. तुमच्या या पोट्ट्याइले जमनार नाई."

त्यांनी मला नेम धरताना कधी पाहिलंच नव्हतं. फक्त वांगी पाहिली होती.

येताना वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "चहा नाई विचारला मेल्यानं."

दसऱ्याला आमच्याकडे सगळी अवजारं धुऊन पाटावर मांडतात. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप. ह्यांच्या गाडीला झेंडूचा हार. मी आपट्याची पानं घेऊन बाजूला उभी होते. बंदूक माळ्यावरच होती. ठेवायची परवानगी मिळाली होती, पाटावर मांडायची नाही.

"तुयी कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"माळ्यावर."

"मंग आन नं. विळ्याच्या बाजूले जागा ठेवली, दिसत नाई का?"

मी आणली. ठेवायला वाकले, तर म्हणाल्या, "तोंड भिंतीकडे कर. देवाकडे नको." मग त्यांनी तिला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं.

दुपारी त्या निजल्या नाहीत. गोठ्यामागे येऊन बाजेवर बसल्या. "टांग एक वांगं. पाहू दे मले."

मी गाल टेकवला, डोळा मिटला, घोडा ओढला. गोळ्याबरोबर अक्षतांचे दोन दाणे बाहेर उडाले आणि वांगं जागचं हललं नाही.

"ठाण्यात मले खोटी पाडली काय वं?"

मी नळी झटकली, स्प्रिंग ओढली. या वेळी वांग्याने मान हलवली. सासूबाई उठल्या, सुतळी धरून त्यांनी वांगं जवळ ओढलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग बोटाने भोक चाचपलं.

"घातलं," त्या म्हणाल्या. "अंडं घातलं."