रविवारची तारीख

बंद ऑफिसात साचलेला फिनाईलचा वास आला की मला रायपुरातला तो रविवार आठवतो. सोमवारच्या बैठकीच्या पत्रात मी तारीख रविवारची टाकली होती आणि बसमध्ये रात्र काढून जगदलपूरचे चार अधिकारी सकाळीच तेलीबांध्याच्या ऑफिसात हजर झाले होते. चौकीदाराचा फोन आल्यावर मी धावत पोचलो, तर आमच्या मॅडम आधीच तिथे. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. मी हळूच म्हणालो, "मॅडम, पोस्टाची चूक झाली म्हणून सांगून देऊ?" "तारीख काय पोस्टानं टाइप केली? लपून काहून राहिला, चहा आण." मी चहाचा ट्रे घेऊन शिरलो तेव्हा त्यांच्यातले वयस्कर साहेब गरजत होते, "किस गधे ने लिखा है यह?" गधा ट्रेवर आणखी वाकला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बिना पढ़े दस्तखत मैंने किए हैं. जो कहना है, मुझसे कहिए." पाहुणे गेल्यावर दार लावून त्यांनी मला जे झाडलं ते लिहिण्यासारखं नाही, पण नोकरी राहिली. आता सह्या मी करतो आणि प्रत्येक पत्र तीनदा वाचतो. लोकांना वाटतं, साहेब फार काटेकोर. खरं म्हणजे, मॅडमसारखं बोलायची वेळ आली तर ते तोंडातून निघेल, याची मला अजून खात्री नाही.