नवव्या अडथळ्याची दोरी

हरिदास रामटेके फौजेतून परतला तेव्हा वडशाजवळच्या त्याच्या गावानं पहिला प्रश्न विचारला, किती दुश्मन मारले. हरिदासनं खरं ते सांगितलं, की आपण सोळा वर्षं घोड्यांच्या वाटेत लाकडं आडवी टाकत होतो. गावाचा चेहरा पडला. एवढा धिप्पाड गडी, कडक इस्त्रीचा सदरा, आणि काम काय तर हे. त्या कामातही माणूस मरतो, हे गावाला कुठून ठाऊक असणार?

फौजेतली घोड्यांची ही शर्यत मोठी असते. माळ, नाले, झाडी यांतून तीन मैल घोडा दौडवायचा आणि वाटेतले वीसेक अडथळे ओलांडायचे. मैदानातल्या खेळात घोड्याचा पाय लागला की काठी पडते. इथला ओंडका पडत नाही, घोडा पडतो. म्हणून अडथळे रचणाऱ्याला दोन्ही बाजूंनी तोलून राहावं लागतं. सोपं केलं तर शर्यतीत राम नाही, आणि अवघड करताना चुकलं तर कोणाचं तरी पोर जातं.

हरिदास या कामात वाकबगार होता. पहिले तीन अडथळे सोपे, घोड्याला हुरूप यावा म्हणून. कठीण ते मध्यात. शेवटी पुन्हा हलके, कारण तोवर घोडा दमलेला असतो. बारीक काठ्या लावायच्या नाहीत, जाडजूड गोल ओंडके लावायचे, घोडा त्यांचा मान राखतो. ओंडक्याच्या पायाशी आणखी एक लाकूड, म्हणजे उडी कुठून घ्यायची ते त्याला दिसतं. आणि सगळं दोरीनं बांधायचं. घोडा अडकलाच तर कुऱ्हाडीनं दोरी तोडून ओंडका पाडता यायला हवा.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत, उत्तरेतल्या एका छावणीत, त्यानं खिळे ठोकले. पावसात भिजून आणि उन्हात वाळून दोऱ्या ढिल्या झाल्या होत्या, ओंडका हलत होता. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहायला येणार होते आणि आपल्या कामात काही हललेलं हरिदासला खपत नसे. दोन्ही खांबांत दोन-दोन सहा इंची खिळे, वरून नवी दोरी. दिसायला झकास. शर्यतीत भूपसिंग नावाच्या बावीस वर्षांच्या स्वाराचा घोडा पोटावर त्या ओंडक्यात अडकला आणि भूपसिंगची छाती घोडा आणि लाकूड यांच्यामध्ये सापडली. हरिदासनं दोऱ्या तोडल्या. ओंडका जागचा हलला नाही. ओंडका उपटायला सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, येईपर्यंत अकरा मिनिटं गेली होती.

उपटताना वाकलेले खिळे त्यानं वेचले आणि खिशात घातले. पुढे चौकशी झाली. घोडदळाच्या कर्नलसाहेबांनी उंची विचारली, रुंदी विचारली, जमीन कशी होती ते विचारलं. सगळं मापात बसत होतं. खिळ्यांबद्दल कोणी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. कागदावर आलं, कोणाचा दोष नाही.

त्यानंतर हरिदासला दुःख झालं असं म्हणावं तर तेही नाही. दुःख झालं असतं तर एखादे वेळी निवळलं असतं. त्याला काहीच होईना. पेन्शन घेऊन तो घरी आला, बल्लारपूरकडे लाकडाच्या डेपोत कामाला लागला. कांताबाईनं, त्याच्या बायकोनं, भाजीत मीठ जास्त घातलं तरी तो जेवायचा आणि विसरलं तरी जेवायचा. पोरीच्या लग्नात निरोपाच्या वेळी अख्खं गाव रडलं, तेव्हा हा मांडवाचा एक खांब तिरपा दिसतो म्हणून त्याच्याकडे बघत उभा. विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याशी, त्याचं तोंड मिटायचं आणि पाचव्याला उघडायचं. कांताबाईच्या ते लक्षात आलं होतं. तिनं एकदा विचारलंही. तो म्हणाला, दम लागतो.

मनात मात्र त्यानं एक आधार धरून ठेवला होता. नुसती दोरी असती तरी काय फरक पडला असता? घोड्याचं वजन केवढं, ओंडका केवढा. पोरगं गेलंच असतं. हे तो रोज स्वतःला सांगायचा आणि मग डेपोत ओंडके मोजायला जायचा.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात तेच कर्नलसाहेब त्याला शोधत आले. आता तेही निवृत्त, मूल गावाच्या पलीकडे जंगलालगत त्यांची जमीन होती आणि तिथं त्यांना शर्यत भरवायची होती. नागपूरकडचे स्वार येणार होते, पोलिसांचे काही घोडे येणार होते. अडथळे तूच रच, म्हणाले. हरिदासला नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायलासुद्धा आतून काहीतरी लागतं. तो गेला. एकच अट घातली, लोखंड वापरायचं नाही.

मदतीला जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे लहानशा पाड्यावरचा, इसरू मडावी आला. इसरूनं जन्मात कुंपणाला खिळा ठोकला नव्हता. तो वेलीची ओली साल काढायचा, तिनं लाकूड बांधायचा, आणि साल वाळली की आपोआप अशी आवळायची की हत्तीनंही हलू नये. हरिदास ती गाठ हातानं ओढून पाहत बराच वेळ बसला. सोळा वर्षं फौजेत काढून त्याला ही साधी गोष्ट कोणी शिकवली नव्हती. ओंडका हलत होता म्हणून त्यानं खिळे ठोकले होते, आणि इथं बिनखिळ्याचा ओंडका हलत नव्हता.

नववा अडथळा सर्वांत कठीण. नाल्याच्या चढावर, पावणेचार फुटांचा सागवानी ओंडका, खांबांच्या पुढच्या अंगाला बांधलेला. इसरूनं तो पाहिला आणि विचारलं, "भाऊ, ज्याले नाई जमत त्याले बाजूनं काऊन नाई जाऊ देत? आमच्या कुंपनाले बी फट असते."

हरिदासनं बाजूला दुसरी वाट काढली. लांबचा वळसा, अडीच फुटांचा बुटका ओंडका. वेळ जाईल, जीव जाणार नाही. ज्याच्या घोड्यात दम असेल त्यानं सरळ जावं. कर्नलसाहेबांना ही युक्ती फार आवडली.

शर्यतीच्या सकाळी हरिदास नवव्यापाशी कुऱ्हाड घेऊन उभा राहिला. अकरा घोडे गेले. सात वळशानं, चार सरळ. बारावा वाघाडे नावाचा पोलीस शिपाई होता. तो सरळ आला, घोडा चढावर अर्धं पाऊल कमी पडला, आणि उडी अपुरी गेली. घोड्याचे पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे, पोट ओंडक्यावर. वाघाडे पुढच्या अंगानं घसरला आणि घोड्याचा खांदा आणि लाकूड यांच्यामध्ये छातीनं अडकला. तोच प्रकार. तसाच आवाज.

हरिदास धावला. डोक्यात काही नव्हतं, हात आपले चालत होते. अलीकडच्या खांबावर एक घाव, साल अर्धी तुटली. दुसऱ्या घावाला पूर्ण. पलीकडच्या खांबावर एकच. ओंडका उतारावर घरंगळला, घोडा गुडघ्यांवर बसून उठला आणि वाघाडे गवतात पडून खोकू लागला. दोन बरगड्या गेल्या होत्या. माणूस जिवंत होता.

लोक जमले. कर्नलसाहेब धावत आले, त्यांनी हरिदासच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, की या माणसाच्या कामाला तोड नाही. हरिदास तुटलेल्या सालीकडे बघत होता.

"तीन घाव लागले, साहेब," तो म्हणाला.

हो, फार चपळाई केलीस, साहेब म्हणाले.

"भूपसिंगच्या टायमाले बी तीनच लागले असते. तिथी मी खिळे ठोकलो होतो. दोरीच्या खाली. तुमी इचारलं नाई, मी सांगतलो नाई."

साहेबांचा हात त्याच्या पाठीवरच राहिला आणि मग हळूच खाली आला.  ते म्हणाले, पाच वर्षं झाली, आता ते राहू दे.

"त्याच्या बापाचा पत्ता तुमच्याजवळ असन," हरिदास म्हणाला. "मले पाह्यजे."

साहेब मान खाली घालून घोड्यांकडे निघून गेले. 

तेरावा घोडा यायचा होता. ओंडका परत बांधायला हवा होता. त्यानं आणि धावत आलेल्या इसरूनं तो उचलून जागेवर धरला, हरिदासनं ओली साल खांबाभोवती फिरवली आणि गाठ मारायला गेला.  साल दोनदा सुटली. तिसऱ्यांदा त्याला समोरचं दिसेना, कारण डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. इसरूनं त्याच्या बोटांतून साल काढून घेतली, गाठ मारली, ओढून पाहिली आणि हात वर करून पुढच्या स्वाराला इशारा दिला.